पैसा मुलाच्या मागे की शाळेच्या मागे?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत 'शिक्षण निधीच्या व्याजाचा विनियोग' असा एक विषय आहे. त्यावर सभासदांकडून दोन लेखी सूचना आल्या आहेत. पहिली सूचना अशी की, ही रक्कम गरजू मराठी मुलांना खासगी शाळेच्या फीसाठी थेट द्यावी. दुसरी अशी की, एकेका मुलाला न देता ती आपल्या भागातील महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेसाठी खर्च करावी. कार्यकारिणीच्या बैठकीत यावर दीड तास चर्चा झाली, चहा दोनदा झाला, आवाजही थोडे चढले, पण निर्णय झाला नाही. शेवटी, "तुम्ही बँकेतले, हिशेब तुम्हाला कळतो, सभासदांना समजेल असं काहीतरी लिहा," असे म्हणून हे काम आमच्याकडे आले.

लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की आपल्या सभागृहात झालेला वाद हा काही आपलाच नाही. सरकारचा शिक्षणावरचा पैसा सरकारी शाळेला द्यावा, की पालकांच्या हाती देऊन हवी ती शाळा निवडू द्यावी, हा प्रश्न आज बऱ्याच देशांत गाजतो आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले टेक्सासमध्ये आहेत त्यांनी 'स्कूल व्हाउचर' हा शब्द फोनवर ऐकला असेल. तिथे २०२५ मध्ये कायदा होऊन खासगी शाळेच्या खर्चासाठी एक अब्ज डॉलरची सरकारी तरतूद झाली. आपल्याकडे हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, पण वस्तू आपल्याकडेही आहे. आपण तिला 'आर.टी.ई.चा प्रवेश' म्हणतो.

म्हणून आधी सगळा विषय समजून घेऊ, आणि मग आपल्या निधीकडे येऊ.

सरकारी पैसा शाळेपर्यंत कसा जातो

याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सरळ आहे. इमारत सरकारची, शिक्षक सरकारचे, पगार सरकारचा. जिल्हा पंचायत किंवा महानगरपालिकेची शाळा ती हीच.

दुसरा मार्ग अनुदानाचा. शाळा एखादी संस्था चालवते, पण शिक्षकांचे पगार सरकार देते. हा मार्ग फार जुना आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यात खासगी संस्थांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण मांडले गेले. पुढे मराठी मुलखातल्या कितीतरी नामवंत शाळा याच अनुदानावर उभ्या राहिल्या. तेव्हा 'खासगी शाळेला सरकारी पैसा कशाला' असे कोणी म्हणू लागले, तर ही गोष्ट पावणेदोनशे वर्षे चालत आली आहे एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग म्हणजे व्हाउचर. यात पैसा शाळेला ठरलेला नसतो, तो मुलाच्या नावाने असतो. मूल ज्या शाळेत जाईल तिथे तो जातो, आणि मूल शाळा सोडून गेले की पैसाही जातो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर अनुदान म्हणजे शाखेला मिळणारी खर्चाची मंजुरी, आणि व्हाउचर म्हणजे खातेदाराच्या हातातला चेक. तो कुठे वटवायचा ते खातेदार ठरवणार.

ही कल्पना आधुनिक काळात ठामपणे मांडली ती अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी, १९५५ मधील एका निबंधात. त्यांचा मुद्दा असा, की शिक्षणाचा खर्च सरकारने करावा हे ठीक, पण त्यासाठी शाळा सरकारनेच चालवायला हवी असे नाही. पालकांच्या हाती पैसा दिला की शाळांना गिऱ्हाईक टिकवण्यासाठी चांगले काम करावे लागेल.

आपला आर.टी.ई. हे व्हाउचर कसे

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवायचे. बदल्यात सरकारने शाळेला पैसे द्यायचे. किती? सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलामागे जेवढा खर्च करते ती रक्कम, किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी कमी असेल ती.

शाळांनी याला न्यायालयात आव्हान दिले. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मे २०१४ च्या दुसऱ्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र यातून वगळल्या गेल्या. म्हणूनच आपल्याकडच्या काही नावाजलेल्या मिशनरी शाळा या यादीत दिसत नाहीत. "त्या शाळेचं नाव का नाही हो यादीत?" असे दर वर्षी कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर हे.

गुजरातमध्ये गेली काही वर्षे शाळेला मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १३,००० रुपये मिळत आले आहेत, आणि गणवेश, पुस्तके वगैरेंसाठी पालकांच्या खात्यात ३,००० रुपये. २०२५ मध्ये उत्पन्नाची मर्यादा वाढवून वर्षाला ६ लाख रुपये केली गेली. त्याआधी ती शहरात दीड लाख आणि खेड्यात एक लाख वीस हजार होती. हा बदल मोठा आहे. अर्ज करणाऱ्यांमध्ये आता घरकाम करणाऱ्या बाई आणि खासगी कंपनीतला कारकून एकाच सोडतीत उभे असतात.

शेजारी काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ज्या खासगी शाळेच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिथे या २५ टक्के जागा देण्याची गरज नाही, असा नियम कर्नाटकाने केला. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो मान्य केला. महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी तसाच नियम आणला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. एकच कायदा, जवळपास एकच नियम, आणि दोन राज्यांत दोन निकाल. जवळ सरकारी शाळा असताना बाहेर पैसा का द्यायचा, असे सरकार म्हणते. मग ती शाळा तुमच्या मुलांसाठी का चालत नाही, असे पालक विचारतात. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बिनतोड वाटते, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

अनुभव काय सांगतो

नुसत्या मतांवर हा प्रश्न सुटत नाही. जिथे प्रयोग झाले तिथे काय दिसले ते पाहू.

अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९० मध्ये गरीब कुटुंबांसाठी व्हाउचर सुरू झाले. पहिल्या वर्षी सात शाळा आणि साडेतीनशेच्या आत मुले एवढाच तो पसारा होता. हेतू स्पष्ट होता: गरिबांना निवड मिळावी. पुढे बऱ्याच राज्यांत योजना पसरल्या आणि हळूहळू उत्पन्नाची अट निघत गेली. ॲरिझोनाने २०२२ मध्ये सर्वच मुलांना ती खुली केली. सुरुवातीला आलेल्या अर्जांपैकी बहुतेक मुले आधीपासूनच सरकारी शाळेत नव्हती. म्हणजे जे पालक स्वतःच्या खिशातून फी भरत होते, त्यांची फी आता तिजोरीतून जाऊ लागली. गरिबासाठी काढलेले दार सगळ्यांसाठी उघडले, की आधी कोण आत शिरतो, हे रेशनच्या दुकानापासून आपण पाहत आलो आहोत.

चिलीने १९८१ मध्ये अख्ख्या देशात ही पद्धत आणली. खासगी शाळा भराभर निघाल्या आणि पुढे निम्म्याहून अधिक मुले त्यांत गेली. पण देशाच्या सरासरी गुणवत्तेत त्या प्रमाणात वाढ दिसली नाही. दिसली ती वाटणी: शाळा मुले निवडू लागल्या, वरून जादा फी घेऊ लागल्या, आणि बरी परिस्थिती असलेली मुले एकीकडे, गरीब मुले दुसरीकडे जमा झाली. २००६ मध्ये तिथले शाळकरी विद्यार्थीच रस्त्यावर उतरले. २००८ मध्ये गरीब मुलांसाठी जादा रकमेची तरतूद झाली. २०१५ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शाळांना मुले निवडण्यास, जादा फी घेण्यास आणि नफा कमावण्यास टप्प्याटप्प्याने बंदी झाली. पद्धत मोडली नाही, पण तिला कुंपण घालावे लागले.

आपल्या देशातला सर्वांत मोलाचा प्रयोग आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागातला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो अभ्यासला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. एकशे ऐंशी गावे, आणि सोडतीने दिलेली व्हाउचर. चार वर्षांनी तपासले तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत खासगी शाळेत गेलेली मुले आणि सरकारी शाळेतली मुले यांत फरक नव्हता. हिंदीत खासगी शाळेतली मुले बरीच पुढे होती, कारण सरकारी शाळेत त्या वर्गांना हिंदी जवळजवळ नव्हतीच. आणि खासगी शाळेचा मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता.

या निकालावर दोन्ही बाजूंचे लोक खूश असतात. एक म्हणतो, "पाहा, एवढ्या कमी पैशात तेवढंच शिक्षण!" दुसरा म्हणतो, "पाहा, शाळा बदलून गणित सुधारलं नाही!" दोघेही खरे बोलतात. फक्त तो खर्च कमी का, हे विचारले पाहिजे. मुख्य कारण शिक्षकांचा पगार. खासगी शाळेतल्या शिक्षिका सरकारी पगाराच्या एका लहानशा हिश्श्यात काम करतात. आपल्या मंडळातल्याच किती सुना-मुली अशा शाळांत बारा-पंधरा हजारांवर शिकवतात, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

आणखी एक अभ्यास दिल्लीचा. तिथल्या महागड्या शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या, तेव्हा त्या वर्गातल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला हे गौतम राव यांनी तपासले. ती मुले अधिक मदतशील झाली, गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, आणि त्यांच्या अभ्यासाचे फारसे नुकसान झाले नाही. 'आमच्या मुलांचे काय होणार' अशी जी भीती पालकसभांमधून ऐकू येते, तिला हे बरेचसे उत्तर आहे.

मागे राहिलेल्या शाळेचा हिशेब

आता आम्हाला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. हा हिशेब भाषणांत सहसा येत नाही, पण शाखा सांभाळलेल्या माणसाला तो लगेच कळतो.

एखाद्या शाखेतून शंभरातले दहा खातेदार गेले, म्हणून शाखेचे भाडे दहा टक्क्यांनी कमी होत नाही. मॅनेजर तेवढाच, रोखपाल तेवढाच, वीजबिल तेवढेच. शाळेचेही तसेच आहे. वर्गातून पाच मुले गेली तरी बाई एकच लागतात.

पण पट एका रेषेखाली गेला की खर्च एकदम तुटतो, आणि तो चुकीच्या जागी तुटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांची संख्या पटावर ठरवली आहे. साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. समजा, एका शाळेचा पट ९५ आहे. चार शिक्षक आहेत. पाच मुले खासगी शाळेत गेली. पट ९० झाला. आता नियमाप्रमाणे तीनच शिक्षक. पाच इयत्ता आणि तीन शिक्षक, म्हणजे दोन ठिकाणी दोन-दोन वर्ग एकत्र. गेलेल्या पाच मुलांचे भले झाले असेल, आम्ही ते नाकारत नाही. पण उरलेल्या नव्वद मुलांचा एक शिक्षक गेला, आणि त्यांनी कोणताही फॉर्म भरला नव्हता.

मग पुढच्या वर्षी पालक म्हणतात, "तिथे दोन वर्ग एकत्र बसतात हो," आणि आणखी मुले जातात. उरलेल्या मुलांवर मुलामागे खर्च जास्त दिसू लागतो. कागदावरचा तो आकडा पाहून कोणीतरी म्हणते, एवढा खर्च करून ही शाळा चालवायचीच कशाला? चक्र पूर्ण होते.

आमच्या बँकेतल्या दिवसांतली एक गोष्ट इथे आठवते. एका शाखेच्या तक्रारवहीतल्या नोंदी अचानक कमी झाल्या. आम्हाला वाटले, सेवा सुधारली. नंतर कळले की तक्रार लिहिणारे खातेदारच दुसरीकडे गेले होते. जे उरले त्यांना तक्रार लिहिता येत नव्हती, किंवा लिहून काही होते यावर त्यांचा विश्वास नव्हता. शाळेतूनही आधी जातात ते असेच पालक: जे फॉर्म भरू शकतात, मुख्याध्यापकांना प्रश्न विचारू शकतात, नगरसेवकाच्या दारात जाऊन बसू शकतात.

आणि इथे बोट दाखवायचे तर ते आर.टी.ई.च्या मुलांकडे दाखवणे अन्यायाचे होईल. या शाळांतून सर्वांत आधी मुले काढली ती आपण. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण गावातल्या मराठी शाळेत शिकून मोठे झाले. आपण मात्र आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घातले. आम्हीही घातले. कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. पण वर्ग रिकामा होण्याची सुरुवात सोडतीने झाली नाही, ती आपल्या निर्णयांनी झाली. आज एखादी पोळ्या करणारी बाई तोच निर्णय सरकारच्या मदतीने घेऊ पाहते, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

बडोद्याला हा वाद नवा नाही

कराचा पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च व्हावा, हा वाद मराठी माणसाने फार पूर्वी घातलेला आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचे उत्पन्न शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामातून येते, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

ती ऐकली कोणी, तर आपल्या संस्थानाने. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. इंग्रज सरकारने ते १९१२ मध्ये फेटाळले. जे साम्राज्याला परवडत नव्हते ते एका संस्थानाने करून दाखवले होते.

महाराजांच्या त्या योजनेतली एक गोष्ट आज लक्षात घेण्यासारखी आहे. सक्ती करायची तर गावात शाळा असलीच पाहिजे, आणि ती उभी करण्याची जबाबदारी राज्याची, हे त्यात गृहीत होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी असे सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तेच ६ टक्के पुन्हा लिहिले आहेत. अजून आपण तिथे पोहोचलेलो नाही. हे ध्यानात ठेवले, तर 'सरकारी शाळा की व्हाउचर' या भांडणाचा एक भाग वेगळा दिसू लागतो. ताटात मुळात कमी वाढले आहे, आणि ते कमी पडलेले कोणाच्या वाट्याचे, यावर दोन उपाशी माणसे एकमेकांशी भांडत आहेत.

एक घर, दोन शाळा

दर वर्षी फॉर्मच्या दिवसांत मंडळाच्या वाचनालयात दोन संगणक मांडून आम्ही तिघे-चौघे निवृत्त मंडळी बसतो. उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला, भाडेकरार, सगळे स्कॅन करायचे, शाळांचा क्रम लावायचा, आणि मग सोडतीची वाट पाहायची. तिथे भेटलेल्या एका कुटुंबाबद्दल लिहितो, त्यांच्या परवानगीने आणि नाव न घेता.

आई चार घरी पोळ्या करते, वडील रिक्षा चालवतात. थोरल्या मुलीचे नाव सोडतीत लागले. काही वर्षांनी मुलाचे लागले नाही. तो महापालिकेच्या मराठी शाळेत गेला. मुलगी आता आठवीत आहे. इंग्रजी बोलते, शाळेच्या नाटकात काम करते. आईला तिचा अभिमान आहे. पण सहल, प्रकल्पाचे साहित्य, वार्षिकोत्सवाचा पोशाख, शाळेचीच घ्यावी लागणारी पुस्तके यांचा खर्च मिळालेल्या ३,००० रुपयांत कधीच बसला नाही. आणि कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत. नववीपासून पूर्ण फी. हे त्या बाईंना आत्ता, आमच्याकडून कळले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दादा, नववीला हिला काढू का तिथून? आणि धाकट्याचं काय? त्याच्या वर्गात तर तिसरी-चौथी एकत्रच बसवतात."

पहिल्या सूचनेत ही मुलगी आहे आणि दुसऱ्या सूचनेत हा मुलगा आहे. घर एकच आहे. आपल्या सभेत दोन बाजू पडतील, पण त्या आईला एकच बाजू घेता येत नाही.

मग निधीचे काय करावे

निर्णय सभेचा आहे. आम्हाला सुचले ते असे.

एक. नव्या मुलाला खासगी शाळेत घालण्यासाठी आपली रक्कम वापरू नये. पहिलीत वर्षभराची फी भरून पुढे हात वर करणे हे कर्ज मंजूर करून पहिला हप्ताच तेवढा देण्यासारखे आहे. जे मूल आर.टी.ई.तून आधीच तिथे पोहोचले आहे आणि आठवी पूर्ण करते आहे, त्याच्या नववी-दहावीसाठी मात्र मदत करावी. ही दोनच वर्षे असतात, रक्कम आधी मोजता येते आणि शेवट ठाऊक असतो. आठ वर्षे शिकून उंबरठ्यावर अडकलेले मूल पार करणे हे छोट्या निधीला झेपते.

दोन. उरलेली रक्कम शाळेसाठी द्यावी, पण पंखे आणि नावाच्या पाट्या यांच्यावर नको. पंखे महापालिका कधीतरी लावील. शाळेत कमी आहे ते माणूस. रीतसर परवानगी घेऊन एखाद्या निवृत्त शिक्षिकेला मानधन देता आले, तर एकत्र बसलेले दोन वर्ग दिवसाचे दोन-तीन तास तरी वेगळे बसतील. ही मदत त्या नव्वद मुलांपर्यंत पोहोचते, ज्यांच्या नावाने कोणतेही व्हाउचर निघत नाही.

तीन. ज्याला खर्च नाही ते आधी करावे. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या पालकांना अर्ज लिहायला, माहिती मागायला, शिक्षकाची जागा रिकामी असेल तर पाठपुरावा करायला मदत लागते. आपल्यात निवृत्त अधिकारी, वकील, लेखापाल मुबलक आहेत. तक्रारवही लिहिणारे खातेदार निघून गेले, हे खरे. पण वही लिहून देणारे कोणी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, तर तेही कमी नाही.

चार. आर.टी.ई.चे फॉर्म भरून देण्याचे काम चालू ठेवावे. हक्क आहे तोवर तो मिळवून देणे हे आपले कर्तव्य. फक्त फॉर्म भरतानाच पालकांना स्पष्ट सांगावे: वरचा खर्च किती येईल, आणि नववीत काय होईल. आम्ही आजवर ते सांगत नव्हतो. ती चूक आमची.

काही सभासद म्हणतील, यात दोन्ही बाजूंना खूश करण्याचा प्रयत्न आहे. तसे नाही. पैसा मुलाच्या मागे जावा, याला आमचा विरोध नाही. पण जो पैसा मुलाच्या मागे निघून जातो, त्याचा हिशेब मांडताना मागे उरलेल्या मुलाचीही ओळ त्याच पानावर लिहिली पाहिजे. ती ओळ नसलेला ताळेबंद आम्ही नोकरीत कधी सही केला नसता.

सभेला अवश्य या. आणि जमले तर येण्यापूर्वी एखाद्या सकाळी त्या मराठी शाळेत डोकावून या. मुख्याध्यापकांशी आम्ही बोललो आहोत, प्रार्थनेनंतर कोणालाही येऊ देतील. तिसरी-चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर पंधरा मिनिटे बसा. एकाच फळ्यावर मधोमध खडूची रेघ आहे. डावीकडे तिसरीचे गणित, उजवीकडे चौथीचे. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंची मुले पाहून या, आणि मग हात वर करा.